काँग्रेसपुढचा प्रश्न तालुक्याचा

23 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे निकाल लागले आणि 288 जणांच्या सभागृहात काँग्रेसच्या वाट्याला जेमतेम 16 जागा आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या 17 लोकसभा जागा लढवून पक्षाने 13 जिंकल्या होत्या. मग ईव्हीएमपासून मतदारयाद्यांपर्यंत सगळीकडे बोट दाखवून झाले. याद्यांविषयीच्या शंकांचे निरसन निवडणूक आयोगाने करायलाच हवे. पण घसरण जुनी आहे: 1990 मध्ये 141, 1995 मध्ये 80, 2014 मध्ये 42. राष्ट्रवादीच्या साथीने मिळालेल्या मधल्या 15 वर्षांच्या सत्तेने ती झाकली, इतकेच.

यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून इथली काँग्रेस साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि शिक्षणसंस्था यांच्या आधाराने वाढली. उसाचे बिल, सोसायटीचे पीककर्ज, पोराचा कॉलेजप्रवेश, सगळे ‘साहेबां’च्या शब्दावर मार्गी लागायचे. साहेब सांभाळले की तालुका सांभाळला जाई, म्हणून पक्षाने स्वतःची वेगळी बांधणी केलीच नाही. 2019 मध्ये राधाकृष्ण विखे पाटील आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या मागोमाग कार्यकर्त्यांची फळीही गेली.

मतदार मात्र सगळा गेला नाही. अशोक चव्हाणांच्या नांदेडचे उदाहरण बोलके आहे. काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाणांच्या निधनानंतरची लोकसभा पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच झाली. त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी निवडून आले. पण त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा भाजपच्या महायुतीने जिंकल्या. एकाच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर! सहानुभूतीचा भाग वजा केला, तरी विधानसभेला काँग्रेसच्या महाविकास आघाडीकडे मतदाराला धरून ठेवणारे बळ नव्हते, हे उरतेच.

जिथे संस्था शाबूत आहेत, तिथेही जुने गणित चुकले. संगमनेरमधून 1985 पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात कारखाना आणि दूध संघ पाठीशी असतानाही पडले. महायुती सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे 1,500 रुपये थेट बँक खात्यात येऊ लागले, मधल्या माणसाची गरजच संपली. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये करणाऱ्या राज्यातल्या काँग्रेसला थेट लोकांपर्यंत पोहोचण्याचा हा धडा विरोधकांकडून मिळावा, ही गंमत आहे. महाविकास आघाडीने 3,000 रुपयांचे आश्वासन दिले खरे. पण बायकांनी ‘देऊ’ म्हणणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर भरवसा ठेवला. सोयाबीनला 4,892 रुपयांचा हमीभाव बाजारात मिळत नसल्याचा रागही आघाडीला मतपेटीपर्यंत नेता आला नाही. जागावाटपाचा घोळ अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चालला होता.

फेब्रुवारी 2025 मध्ये प्रदेशाध्यक्षपदी आलेले हर्षवर्धन सपकाळ साखरसम्राटांच्या पठडीतले नाहीत. ही चांगली सुरुवात आहे, पण सुरुवातच. बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक बसले आणि नवे कार्यकर्ते घडण्याची शाळाच बंद पडली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पक्षाची खरी परीक्षा तिथे आहे: गटात आणि प्रभागात कारखान्याशिवाय, घराण्याशिवाय उमेदवार उभे करता येतात का? ते जमले नाही, तर मुंबईत अध्यक्ष कोण आणि आघाडीत जागा किती, या चर्चेला काडीचाही अर्थ नाही.