सवलत कोणाला? शिराळ्याचा प्रश्न

पर्यटनवृद्धीसाठी करसवलतींचे नवे धोरण महाराष्ट्र सरकारने 2024 साली जाहीर केले, त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यास आमची हरकत नाही. राज्याच्या वाट्याचा वस्तू व सेवा कर परत मिळावा, वीज शुल्क माफ व्हावे, अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र त्यांचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न सांगली जिल्ह्यातील शिराळ्यात उभे राहून विचारला, तर उत्तर समाधानकारक येत नाही.

बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीमुळे सर्वतोमुखी झाले. जिवंत नाग पकडून मिरविण्यास उच्च न्यायालयाने वन्यजीव कायद्याखाली प्रतिबंध केला, तो आमच्या मते योग्यच होता. पण एका दिवसाच्या गर्दीवर बाजारपेठेने बांधलेले आडाखे त्यामुळे कोलमडले, हेही नाकारता येत नाही. समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, भुईकोट किल्ला आहे. शिवाय 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या चांदोलीच्या अरण्याकडे पेठ नाक्यावरून निघालेला प्रवासी याच वाटेने जातो. त्याला येथे मुक्कामास थांबविणार कोण? गावातली खाणावळ आणि दोन खोल्या पाहुण्यांस देऊ पाहणारा घरमालक, हेच ना? पण वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या खाणावळवाल्यास वस्तू व सेवा कर लागूच नाही. त्याला परत काय मिळणार? ज्या विद्यार्थ्याची फी मुळातच माफ आहे त्याला फीमाफीचे बक्षीस द्यावे, तसे हे औदार्य आहे.

घरमालकाची तऱ्हा याहून वेगळी. पडक्या वाड्याला घरपट्टी कमी. त्याच वाड्याची कौले बदलली, भिंती सावरल्या, न्हाणीघर बांधले, की चतुर्वार्षिक फेरआकारणीत करयोग्य मूल्य वाढते आणि पट्टीही वाढते. म्हणजे घर पडू देणे हाच शहाणपणा ठरतो!

आयर्लंडने 1995 साली पंधरा जुन्या सागरतीरीय विहारस्थळांना करसवलती दिल्या. पैसा आला, घरे उठली; पण त्यांतली पुष्कळशी सुट्टीपुरती वापरायची घरे होती. उन्हाळा सरला की त्यांची दारे बंद, अशी टीका पुढे झाली. कोकणपट्टीवर उभ्या राहणाऱ्या वसाहती पाहता ही टीका आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

म्हणून आमची सूचना अशी की, नगरपंचायतींच्या हद्दीतील जुन्या घराची दुरुस्ती करून त्यात राहणाऱ्या वा पाहुण्यांची सोय करणाऱ्या मालकाची घरपट्टी दहा वर्षे पूर्वीच्याच आकड्यावर गोठवावी. दरवर्षी ते घर खरोखर वापरात आहे की नाही, हे पाहूनच सवलत पुढे चालवावी. रिकाम्या घराला ती नको. नगरपंचायतीला जी तूट येईल ती राज्याने भरून द्यावी. 1999 साली नगरपालिकांची जकात उठली तेव्हा सरकारने भरपाईदाखल अनुदान दिलेच होते. त्या मानाने ही रक्कम किरकोळ ठरेल. अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पात निदान शिराळ्यासारख्या चार-दोन गावांपुरता हा प्रयोग करून पाहावा.