गणेशखिंडीनंतरचा थरार

ज्या गोष्टीचा शेवट प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक असतो, तिचा थरारपट होऊ शकेल काय? खून कोणी केला, कोठे केला, कोणत्या रात्री केला, ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक कशासाठी होती, हे मराठी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. इतकेच काय, चित्रपटाचे नाव म्हणजेच मुळी खुनाची तारीख! आणि तरीही जयू आणि नचिकेत पटवर्धन या पुणेकर दांपत्याचा, १९७९ सालचा ‘२२ जून १८९७’ पाहताना छाती धडधडायची ती धडधडतेच. दोघेही वास्तुशिल्पज्ञ. जुने पुणे त्यांनी पडद्यावर असे उभे केले की कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांच्याकडे चालत आले. दुसरे मिळाले ते राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाचे. रँडच्या खुनाला एकात्मतेचे पारितोषिक! सरकारदरबारी विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

गेल्या वर्षी हा चित्रपट मी लोणावळ्याला आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या मुलांना दाखविला. यांतली बरीच मुले पुण्याच्या लोकलने येतात. चिंचवड स्टेशन त्यांच्या रोजच्या वाटेवरचे. पण चापेकरांचे घर त्याच गावात, आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे, हे निम्म्यांच्या गावीही नव्हते. प्लेग मात्र त्यांना समजावून सांगावा लागला नाही. २०२० साली ही मुले शाळकरी होती. रस्त्यावरचे अडथळे, पास, सक्तीचे विलगीकरण त्यांनी पाहिले होते. त्या वेळी सरकारने जो साथरोग कायदा बाहेर काढला तो ४ फेब्रुवारी १८९७ चाच, हे मी सांगितले तेव्हा वर्ग एकदम चिडीचूप झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. आणि चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही.

प्लेग खराच होता, माणसे खरीच पटापट मरत होती, आणि काहीतरी कडक उपाय करणे भागच होते. रँडच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे. परंतु गोरे शिपाई माजघरात, देवघरात शिरू लागले, माणसे उचलून छावण्यांत नेऊ लागले, तेव्हा दाद मागायची कोठे? दार बंद असले म्हणजे खिडकीतून जे यायचे ते आले. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या गाड्यांवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला.

चित्रपट संपल्यावर मुले फाशीबद्दल विचारतील अशी माझी अटकळ होती. पण पवनमावळातली एक मुलगी उभी राहिली. “सर, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांचं काय झालं?” तिच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले, हे तिने घरीच ऐकलेले.

तिला उत्तर देताना माझा उरलेला तास गेला. माझ्या मते खरा थरार २२ जूनच्या रात्रीनंतर सुरू होतो. वीस हजारांचे बक्षीस लागले. जादा पोलीस पुण्यात बसले, त्यांचा खर्च पुणेकरांच्याच माथी. जुलैअखेर बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या सरदार बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली धरून तुरुंगात टाकले, मिळकत जप्त केली. आरोप? सांगितलाच नाही. खटला? चालविलाच नाही. या रेग्युलेशनची सोयच तशी होती. पुढे खरा मारेकरी सापडला, १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर येरवड्यात फासावर गेले, तरी नातू बंधू सुटले नव्हते!

त्याच सुमारास टिळकांना पकडले, तेही खुनाबद्दल नव्हे. खुनाच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त आलेल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुराबद्दल. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला ‘डिसअफेक्शन’चा अर्थ समजावला : सरकारबद्दल प्रेमाचा अभाव. भाषेचा शिक्षक म्हणून मला या व्याख्येचे राहून राहून नवल वाटते. प्रेम नसणे हाच जर अपराध, तर निरपराध कोण उरला? सहा युरोपियन ज्यूरर म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची.

गोखल्यांची कथा याहून केविलवाणी. विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे जाहीर सांगितले. ते परत येईतो रँडचा खून होऊन गेलेला. लिहिणाऱ्यांपैकी पुढे यायला कोणी तयार होईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पिस्तुलाच्या एका आवाजाने किती साक्षीदार मुके झाले असतील, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मिळणार?

चापेकरांचे धैर्य अलौकिक, यात वाद नाही. पण फेब्रुवारी १८९९ मध्ये माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना, पोलिसांचे बोलावणे आले आहे असे सांगून रात्री घराबाहेर काढून मारले, तेथे माझे मन अडखळते. त्यानंतरच्या मे महिन्यात पाच दिवसांत वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे फाशी गेले. एकाच घरातले तीन भाऊ संपले.

आणि कायदा? तो मात्र बाळसे धरीत होता. १८९८ मध्ये राजद्रोहाचे १२४ अ कलम आणखी रुंद केले, शेजारी १५३ अ बसविले. दहा वर्षांत त्याची झळ पार आमच्या मावळापर्यंत आली. तळेगाव दाभाड्याला प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. विजापूरकर ‘विश्ववृत्त’ मासिकाचे संपादक. त्यात सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख १९०८ साली छापला. वेदांतल्या प्रार्थना, पण राजद्रोह ठरला, आणि संपादक तुरुंगात गेले. १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडले.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४ अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत राजद्रोह हा शब्द राहिला नाही, मात्र तिच्या १५२ व्या कलमात देशाच्या सार्वभौमत्वाला व एकतेला धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. या दोन कलमांची भाषा शेजारी शेजारी ठेवून कोणता शब्द किती ताणता येतो, ते शोधून आणा, असा गृहपाठ मी वर्गाला दिला. एकंदर एकोणीस वह्या आल्या. पवनमावळातल्या मुलीने सार्वभौमत्वाला हातच लावला नव्हता. तिने साथरोग कायद्यातला ‘सद्‌हेतूने’ हा शब्द तांबड्या शाईने अधोरेखित केला होता, आणि समासात लिहिले होते : कोणाच्या मते?