डावा हात आणि थोरला भाऊ

गेल्या खेपेला आपण मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाचा देहविचार पाहिला. नंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, शरीराला काही माहीत असतं म्हणजे नेमकं काय? उदाहरण द्या ना." आज देतो. आणि तुम्हाला गंमत वाटेल, ते एका व्हिडिओ गेमचं आहे. नातीने तो माझ्याकडून खेळून घेतला. वयाच्या ७४ व्या वर्षी!

गेमचं नाव 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. स्वीडनमधल्या स्टारब्रीझ स्टुडिओने तो २०१३ साली काढला. दिग्दर्शक जोसेफ फारेस हा मूळचा लेबननचा. युद्धामुळे त्याचं कुटुंब स्वीडनला आलं, आणि गेमकडे वळण्यापूर्वी तो चित्रपट करत असे. पुढे मी शेवट सांगणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट साधी आहे. वडील आजारी आहेत, आणि त्यांच्यासाठी दूरवरच्या एका झाडाचं पाणी आणायला दोघे भाऊ निघतात. आई पूर्वीच बुडून गेलेली, धाकट्याच्या डोळ्यांदेखत. म्हणून त्याला पाण्याची भीती. नदी लागली की तो थोरल्याच्या पाठीला धरून पार होतो. पात्रं बोलतात ती भाषा कुठलीच नाही. हावभावांवरून सगळं समजतं.

आता खरी गोम बघा. दोन्ही भाऊ एकटा खेळाडूच चालवतो. डाव्या हाताने थोरला, उजव्या हाताने धाकटा. चालवायला एकेक दांडी आणि पकडण्याढकलण्यासाठी एकेक बटण. सुरुवातीला माझी पार त्रेधा उडाली. एकाला पुढे न्यावं तर दुसरा कुंपणाला धडकायचा! पण तासाभरात हात सरावले. एका ठिकाणी दोघे एकाच दोरीला बांधलेले असतात. एकाने घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने झोका घ्यायचा. तोवर डावा हात म्हणजेच थोरला भाऊ झालेला असतो. विचार करावा लागत नाही.

आणि मग थोरला मरतो. धाकट्याला त्याला स्वतः पुरावं लागतं, म्हणजे आपल्यालाच. त्यानंतर डावा हात नुसता पडून राहतो. पडद्यावर कोणी रडलं नाही तरी चालेल, कारण जे गेलंय ते हातातून गेलंय.

मर्लो-पाँतीने १९४५ च्या ग्रंथात हात गमावलेल्या माणसाचा विचार केला आहे. हात नाही, हे त्याला ठाऊक असतं, तरी तो हात असल्यासारखा वागतो. कारण सवयीचं शरीर आणि आत्ताचं शरीर, यांत अंतर पडलेलं असतं. जवळच्या माणसाचा मृत्यूही असाच कळतो, असं तो म्हणतो. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करतो आणि ते कधीच येणार नाही हे उमगतं, त्या क्षणी.

मला हे पटतं. माझा दादा गेला तेव्हा मी दहा दिवस सगळं नीट पार पाडलं. दोन महिन्यांनी रविवारच्या शब्दकोड्यात एक शब्द अडला, आणि हात आपोआप फोनकडे गेला. नंबर लावलासुद्धा. दादा नाही हे मला तेव्हा कळलं.

पण गेम याच्या एक पाऊल पुढे जातो. परतीच्या वाटेवर धाकट्यासमोर पाणी येतं. उजव्या हाताचं बटण कितीही दाबा, तो पुढे सरत नाही. मी अडून बसलो. नात काही सांगेना. शेवटी डाव्या हाताने थोरल्याचं बटण दाबलं, आणि पोरगं पोहायला लागलं!

कोणी म्हणेल, ही तर गोड समजूत झाली. मला तसं वाटत नाही. थोरला परत येत नाही. शेवटी त्याची कबर तिथे असतेच. उरते ती त्याच्यासोबत अंगात मुरलेली क्षमता. रिकाम्या जागेकडे गेलेला हात दर वेळी रिकामाच परततो असं नाही, एवढंच गेम सांगतो.

मी अजून रविवारी कोडं सोडवतो. शब्द अडला की दादा काय म्हणाला असता, असं स्वतःला विचारतो. बऱ्याचदा शब्द सुटतो. फोनकडे मात्र हात अजूनही जातो.

तुमचा हात कुठे जातो, ते आठवून बघा. आज इथेच थांबू.