जिंकलेल्या सेनापतींना देहदंड

समुद्रावरील मोठी लढाई जिंकणाऱ्या सेनापतींनाच अथेन्सने ठार मारले, ते इसवी सन पूर्व ४०६ मध्ये. स्पार्टाबरोबरचे पेलोपोनेशियन युद्ध सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती.

स्पार्टाचा नौदलप्रमुख कॅलिक्रॅटिडास याने लेस्बॉस बेटावरील मिटिलिनी येथे अथेन्सचा सेनापती कोनॉन याची कोंडी केली. ही वार्ता पोहोचली तेव्हा अथेन्सचा खजिना रिता होता. विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडण्यात आली. वल्ही मारण्यासाठी गुलामांनाही जहाजांवर चढवण्यात आले. बदल्यात त्यांना स्वातंत्र्य मिळणार होते. ३० दिवसांत ११० जहाजे निघाली आणि मित्रनगरांची मिळून ही संख्या दीडशेवर गेली.

आर्गिनुसाय बेटांजवळ लढाई झाली. स्पार्टाच्या बाजूची सुमारे ७० जहाजे गेली, कॅलिक्रॅटिडास समुद्रात नाहीसा झाला. अथेन्सने २५ जहाजे गमावली. एका जहाजावर सुमारे २०० माणसे असत. त्यांना वाचवण्याचे काम ४७ जहाजांवर सोपवण्यात आले. पण वादळ उठले आणि बहुतेक जण बुडाले.

मृतांवर अंत्यसंस्कार न होणे हे ग्रीकांच्या दृष्टीने घोर पाप होते. आठही सेनापतींना पदच्युत करण्यात आले. त्यांपैकी सहा जण अथेन्सला परतले. त्यांच्यावर तुटून पडला तो थेरामेनेस. बुडणाऱ्यांना वाचवण्याची कामगिरी ज्यांच्याकडे होती, त्यांतलाच तो एक! कॅलिक्झेनसने सर्वांचा निकाल एकाच मतदानाने लावण्याचा ठराव मांडला. प्रत्येकाचा खटला स्वतंत्र चालवावा, असे युरिप्टोलेमसने सुचवले. लोकसभेत गोंगाट झाला. विरोध करणाऱ्यांनाही आरोपी करण्याच्या धमक्या देण्यात आल्या. कामकाज चालवणारे सदस्य नमले. त्यांच्यापैकी केवळ सॉक्रेटिसने बेकायदा ठरावाला संमती देण्यास नकार दिल्याचे इतिहासकार झेनोफनने नमूद केले आहे.

सहाही जणांना देहदंड झाला. त्यांत थोर मुत्सद्दी पेरिक्लीजचा त्याच नावाचा मुलगा होता.

पुढच्याच वर्षी, इसवी सन पूर्व ४०५ मध्ये, ईगोस्पोटामी येथे लायसँडरने अथेन्सचे आरमार जवळजवळ संपूर्ण हस्तगत केले. तोवर अथेन्सवासीयांना पश्चात्ताप झाला होता आणि कॅलिक्झेनसवरच आरोप ठेवण्यात आला होता. तो निसटला. कालांतराने परतला, पण सर्वांच्या तिरस्काराचा धनी होऊन उपासमारीने मेला.