‘मिताते’ आणि विडंबन : हारुनोबूच्या एका चित्रमालिकेच्या निमित्ताने

जपानी काष्ठमुद्राचित्रांच्या संदर्भात येणाऱ्या ‘मिताते’ या संज्ञेसाठी ‘विडंबन’ हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. तो कितपत पुरतो, हे सुझुकी हारुनोबूच्या ‘झाशिकी हाक्केई’ (‘बैठकीतील आठ दृश्ये’, इ. स. १७६६ च्या सुमारास) या मालिकेवरून तपासता येते.

मालिकेचे मूळ चीनमधील आहे. श्याओ व श्यांग या नद्यांच्या परिसरातील आठ दृश्ये अकराव्या शतकापासून चित्र आणि काव्य या दोहोंचा विषय बनली : वाळूवर उतरणारे रानहंस, मंदिराची सायंघंटा, परतणारी शिडे, रात्रीचा पाऊस इत्यादी. जपानी कवींनी ही चौकट बिवा सरोवराच्या परिसराला लावली. हारुनोबूने ती एदो शहरातील घरात आणली. कोतो या तंतुवाद्याच्या तिरप्या ओळीतील घोड्या म्हणजे उतरणारे हंस. दांडीवरचा वाऱ्याने हलणारा पंचा म्हणजे शीड. आरसा म्हणजे शरदातील चंद्र. घड्याळाचा ठोका म्हणजे सायंघंटा. रात्रीचा पाऊस तर चहाच्या उकळत्या पाण्याच्या आवाजात आहे, म्हणजे जे चित्रात उमटूच शकत नाही त्यात. शीर्षक ठाऊक नसेल, तर तेथे केवळ एक घरगुती प्रसंग दिसतो.

विडंबनात मूळ कृतीची शैली हास्यास्पद ठरते. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मध्ये (१९२५) रोख तत्कालीन कवितेच्या लकबींवर आहे. हारुनोबू मात्र हंसांना हसत नाही, कोतोलाही नाही. ‘मिताते’ या शब्दात पाहणे आणि उभे करणे असे दोन धातू आहेत. एका वस्तूला दुसरी म्हणून पाहणे, हा त्याचा अर्थ. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत, अतिशयोक्तीच्या एका प्रकारात उपमान उपमेयाला गिळून टाकते. येथे नेमके उलट घडते. उपमेय समोर उरते आणि उपमान वाचकाच्या स्मरणात राहते. त्यामुळे ‘विडंबन’ म्हटल्याने या चित्रांतील काव्याचा भाग दृष्टीआड होतो.

हे स्मरण कोणाचे, हाही प्रश्न आहेच. आरंभीच्या संचावर हारुनोबूचे नव्हे, तर क्योसेन याचे नाव आढळते. तो एदोतील सामुराई वर्गातला, काव्यमंडळात वावरणारा रसिक. कल्पना त्याची, रेखाटन हारुनोबूचे. शिवाय पाट्या कोरणारे आणि छापणारे कारागीर वेगळेच.