पाचशे एक जुलियांचा माग

अल्फा रोमिओची जुलिया १९६२च्या जूनमध्ये मोन्झाच्या शर्यतमार्गावर लोकांसमोर आली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. सगळे प्रकार धरले तर साडेपाच लाखांहून अधिक. इटलीत ती डॉक्टरांकडे होती, व्यापाऱ्यांकडे होती, पोलिसांकडे तर होतीच. त्या गर्दीतल्या फक्त ५०१ गाड्यांसाठी आज लोक जुनी दप्तरं चाळतात आणि गंजलेल्या पत्र्यावरचे आकडे भिंगातून वाचतात. या गाडीचं नाव जुलिया टीआय सुपर. १९६३ मध्ये १७८ बनल्या, १९६४ मध्ये ३२३, आणि तिथेच काम थांबलं.

दुर्मीळ गाडी एरवी कुठेही उभी राहिली तरी ओळखू येते. टीआय सुपरला मात्र लाखो सख्ख्या बहिणी होत्या. त्यांच्या सुट्या भागांवर ती इतकी वर्षं जगली, आणि त्यांच्यापासूनच आज तिच्या नकला तयार होतात. तिचा माग काढण्यातली सगळी अडचण आणि सगळी गोडी यात आहे.

साधी जुलिया आणि ही

टीआय म्हणजे तुरिस्मो इंतरनाझिओनाले. साध्या जुलिया टीआयमध्ये पुढे सलग बाक होता, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली होता आणि सहा माणसं बसत. बोनेटखाली मात्र १५७० सीसीचं, वर दोन कॅमशाफ्ट असलेलं ॲल्युमिनियमचं इंजिन आणि त्याला पाच गिअर. कुटुंबासाठीच्या गाडीत त्या काळी ही चैनच होती. ताकद ९२ अश्वशक्ती.

सुपर करताना कारखान्याने दोन कामं केली: ताकद वाढवली आणि वजन उतरवलं. वेबर कंपनीचे ४५ मिलिमीटरचे दोन जोड कार्बोरेटर बसवल्यावर ताकद ११२ अश्वशक्तीवर गेली. आवाज दाबणारे थर काढले, मागच्या काचांच्या जागी प्लेक्सिग्लास आलं, बाक जाऊन दोन बकेट सीट आल्या, गिअरचा दांडा खाली जमिनीवर आला. चाकं काम्पान्योलो कंपनीची, मॅग्नेशियमची. साधारण हजार किलोची गाडी ९१० किलोवर आली आणि ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धावू लागली. समोरून पाहिलं तर चारऐवजी दोनच हेडलाइट दिसतात. आतल्या दोन दिव्यांच्या जागी जाळ्या आहेत. रंग जवळजवळ सगळ्यांचा पांढरा, अपवाद अगदी एखाददुसरे.

पुढच्या मडगार्डवर हिरवं चार पानांचं चिन्ह असतं, त्याला क्वाद्रिफोल्यो म्हणतात. १९२३ साली तार्गा फ्लोरिओ शर्यतीत उगो सिवोचीने ते आपल्या गाडीवर रंगवलं आणि शर्यत जिंकली. त्याच वर्षी मोन्झाला सराव करताना त्याचा मृत्यू झाला. तेव्हाच्या त्याच्या गाडीवर हे चिन्ह नव्हतं. तेव्हापासून अल्फाच्या शर्यतीच्या गाड्यांवर ते येत राहिलं. दुकानात जाऊन विकत घेता येणाऱ्या चार दारांच्या गाडीवर ते चिकटवलं, यातच कंपनीचा हेतू दिसतो.

तिचे दिवस

टूरिंग गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं तर गाडी विक्रीसाठी बनलेल्या मालिकेतली हवी, हा नियम. टीआय सुपर जन्मली ती या नियमापोटी. १९६३च्या एप्रिलमध्ये ती मोन्झाला दाखवण्यात आली. त्याच वर्षी युरोपियन टूरिंग कार चॅलेंज सुरू झालं आणि त्याच वर्षी कार्लो किती आणि लोदोविको किझ्झोला यांनी अल्फाच्या शर्यती सांभाळणारी ऑटोडेल्टा ही संस्था उभी केली. मिलानच्या जॉली क्लबसारख्या संघांनी टीआय सुपर शर्यतीत उतरवल्या. ब्रिटनकडून लोटस कॉर्टिना आली होती. दोघींचं इंजिन जवळपास एकाच मापाचं.

सद्दी फार टिकली नाही. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात अल्फाने जुलिया स्प्रिंट जीटीए मांडली. दोन दारांची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, वजन ७४५ किलो. तिच्यापुढे टीआय सुपरला शर्यतीत काही काम उरलं नाही. त्याच वर्षी शर्यतीसाठी नसलेली, नेहमीच्या वापराची जुलिया सुपर बाजारात आली. नावातलं हे साम्य नवख्या शोधकाला आजही चकवतं: जुनी कागदपत्रं पाहताना ‘सुपर’ एवढाच शब्द दिसला तर ती बहुधा ही दुसरीच गाडी असते.

गाड्या गेल्या कुठे

शर्यतीतून बाद झालेली गाडी स्वस्त होते. टीआय सुपर हौशी चालकांकडे गेल्या आणि डोंगरघाटातल्या शर्यतींत, छोट्या स्पर्धांत झिजल्या. आपटलेल्या गाडीचा सांगाडा दुरुस्त करण्यापेक्षा साध्या जुलियाचा सांगाडा आणून त्यात जुनं इंजिन बसवणं परवडत असे. मूळ सांगाडा भंगारात जाई आणि नंबरची पट्टी नव्या अंगावर येई.

उरलेल्यांवर गंज चढला. साठच्या दशकातल्या इटालियन पत्र्याला गंजापासून संरक्षण फारसं नव्हतं. दाराखालच्या पट्ट्या, तळाचा पत्रा, चाकांवरच्या कमानी आणि डिकीतली स्टेपनीची खोबण आधी खाल्ली जाते. जुलियाचं अंग हाच तिचा सांगाडा असल्यामुळे तळ गेला की गाडीच गेली.

इंजिनांची गत वेगळी झाली. अल्फाने पुढे १७७९ आणि मग १९६२ सीसीची इंजिनं काढली. ती याच घराण्यातली असल्याने जुलियात बसवता येत. दमलेलं १५७० काढून मोठं इंजिन बसवणं त्या काळच्या मालकाला शहाणपणाचंच वाटे, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते होतंही. मॅग्नेशियमची चाकं तडकत, त्यांना पांढरी बुरशीसारखी झीज लागे. तीही फेकली गेली. अशा रीतीने गाडी जिवंत राहून तिच्या ओळखीच्या खुणा एकेक करून गळत गेल्या.

पत्र्यावरचे आकडे

आपल्याकडे आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो छाप अर्जाला जोडतात. टीआय सुपरचा तपासही तिथूनच सुरू होतो. बोनेट उघडलं की इंजिन आणि आतली बैठक यांच्यामध्ये जी पत्र्याची भिंत आहे, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. टीआय सुपरचा कारखान्यातला प्रकार १०५.१६, साध्या टीआयचा १०५.१४. सुपरचा चॅसी नंबर सहा आकडी, ५९५ने सुरू होणारा. इंजिनाच्या नंबरापुढे ००५१६ हवं. ००५१४ दिसलं तर ते साध्या टीआयचं इंजिन.

आकडा वाचून तपास संपत नाही. आकड्यांची ठेवण, त्यांची खोली, त्यांच्यातलं अंतर इतर खात्रीच्या गाड्यांशी जुळावं लागतं. आजूबाजूचा पत्रा एकसंध आहे का, की चौकोनी तुकडा कापून जोडला आहे, हे मागच्या बाजूने पाहावं लागतं. रंगाच्या थराखालची वेल्डिंगची रेघ डोळ्यांपासून झाकायला सोपी आणि तपासापासून दडवायला कठीण असते. रंगाची जाडी मोजणारं यंत्र ती दाखवतं. म्हणूनच जाणकार माणूस चकचकीत गाडीपेक्षा रंग उडालेली, अर्धवट गाडी पाहायला जास्त उत्सुक असतो.

अरेसेचं दप्तर

मिलानजवळ अरेसेला अल्फा रोमिओचं ऐतिहासिक संग्रहालय आहे आणि त्याला जोडून कंपनीचं दप्तर. हे दप्तर एवढं भरीव असण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात लुइजी फुझी यांना जातं. १९२०च्या सुमारास आराखडे काढणारा मुलगा म्हणून ते कंपनीत आले आणि आयुष्यभर गाड्या, आराखडे, नोंदी जमवत राहिले. १९७६ मध्ये संग्रहालय उघडलं. १९१० पासूनच्या सगळ्या अल्फांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही शोधकाच्या टेबलावर असतो.

चॅसी नंबर कळवला की या दप्तरातून गाडीचा मूळ प्रकार, ती बनल्याची तारीख, रंग आणि विकली गेल्याची तारीख व ठिकाण यांचा दाखला मिळू शकतो. यातून बऱ्याच दाव्यांचा निकाल घरबसल्या लागतो. तरीही दाखला सांगतो तो नंबरबद्दल. समोर उभा असलेला पत्रा तोच का, हे दप्तराला दिसत नाही. विक्रीच्या जाहिरातीत दाखला पुढे करून पत्र्याचे फोटो टाळलेले असतील, तर मी त्या गाडीच्या वाटेला जाणार नाही.

काळ्या नंबरप्लेट

इटलीत १९२७ पासून गाड्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. तिचं संक्षिप्त नाव प्रा, आणि ती तिथला ऑटोमोबाइल क्लब सांभाळतो. कोणत्या तारखेला गाडी कोणाच्या नावावर गेली, याचा क्रमवार उतारा तिथून काढता येतो. त्यासाठी लागतो नंबरप्लेटचा आकडा.

इथे एक जुनी पद्धत शोधकाच्या उपयोगी पडते. त्या काळी इटालियन नंबरप्लेटवर प्रांताची अक्षरं असत: मिलानला एमआय, तोरिनोला टीओ. गाडी त्याच प्रांतात राहिली तर मालक बदलले तरी प्लेट तीच राही. प्रांत बदलला की नवी प्लेट. त्यामुळे १९६४ सालच्या घाटातल्या शर्यतीचा फोटो सापडला आणि त्यात पांढऱ्या जुलियाची काळी प्लेट वाचता आली, तर त्या एका फोटोवरून मालकांची सगळी साखळी उलगडू शकते. शर्यतीच्या छापील याद्या, स्थानिक वर्तमानपत्रं, छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह यांना म्हणून मोल आलं आहे. आपल्या प्रांताची मूळ काळी प्लेट आजवर टिकवलेली टीआय सुपर ही माझ्या लेखी सर्वांत भरवशाची. तिचं इंजिन बदललेलं असलं तरीही.

नोंदवहीत एक फसवी जागाही आहे. १९८३ पासून इटलीत वाहनकर रस्त्यावर धावण्यावर न राहता मालकीवर लागू झाला. गोठ्यात किंवा गॅरेजात पडून असलेल्या गाडीवर कर कोण भरणार? अनेकांनी प्लेट परत केल्या आणि नोंद रद्द करून घेतली. कित्येकांची नोंद थकबाकीमुळे सरकारनेच काढून टाकली. अशा गाड्या कागदावर संपल्या, पण सगळ्या भंगारात गेल्या असं नाही. एखाद्या टीआय सुपरची साखळी ऐंशीच्या दशकात तुटलेली दिसली तर तिथे शोध थांबवू नये. शेवटच्या मालकाच्या गावापासून नव्याने सुरू करावा.

नकला

साध्या टीआयवर जाळ्या, बकेट सीट, वेबर आणि नव्याने ओतलेली चाकं चढवली की दहा पावलांवरून कोणालाही टीआय सुपर दिसते. यात सरसकट लबाडी नाही. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत अस्सल गाडी ठोकरण्यापेक्षा अशी प्रतिकृती पळवणं मला रास्त वाटतं, आणि तिच्या मालकाने तसं सांगितलं की विषय मिटतो.

गोंधळ होतो तो पारपत्रामुळे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ जुन्या शर्यतीच्या गाड्यांना तांत्रिक पारपत्र देतो. गाडी त्या काळच्या तांत्रिक तपशिलाबरहुकूम आहे, एवढंच ते सांगतं. ती गाडी १९६३ साली अल्फाच्या कारखान्यातूनच टीआय सुपर म्हणून निघाली, याची हमी ते देत नाही. विकणारे मात्र ते अस्सलपणाचा पुरावा म्हणून पुढे करतात.

किती उरल्या हे मोजायचं कसं

मूळ सांगाडा, मूळ इंजिन, मूळ चाकं आणि सलग कागद हे सगळं मागितलं तर यादी फार तोकडी होते. केवळ नंबरची पट्टी पुरेशी मानली तर ती इतकी लांबते, की एका नंबरला दोन गाड्या दावा करू लागतात: एकीकडे जुना कापलेला सांगाडा, दुसरीकडे पट्टी घेऊन गेलेलं नवं अंग.

माझ्या मते ज्या पत्र्यावर कारखान्याने नंबर ठोकला तो पत्रा जिथे, तिथे गाडी. बाकीचे भाग त्या नोंदीपुढे जसे आहेत तसे लिहावेत: इंजिन नंतरचं, चाकं प्रतिकृती, तळ नवा. सांगाड्याविना सापडलेल्या ००५१६ इंजिनांची यादी वेगळी ठेवावी आणि ती मालकांना खुली असावी. साठ वर्षांत इंजिनं एका गाडीतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्या देशात गेली आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तरच एकाच्या गॅरेजातलं इंजिन दुसऱ्याच्या रिकाम्या बोनेटखाली परत जाऊ शकेल.