‘प्रार्थना करते’ असं म्हणण्याआधी



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या समोर राहणाऱ्या काकूंच्या यजमानांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्रीच दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी काकू डबा न्यायला घरी आल्या, तेव्हा जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुम्ही लोक प्रार्थना करता ना गं? ह्यांच्यासाठी करशील?" मी त्यांचा हात धरून म्हटलं, "करते काकू. रोज करते."

पाचव्या दिवशी काका घरी आले. संध्याकाळी काकू वाटीत शिरा घेऊन दारात उभ्या. "तू प्रार्थना करतेयस म्हटल्यावर मला फार धीर होता बघ." वाटी हातात घेतली आणि माझं तोंडच बंद झालं. त्या पाच दिवसांत मी काकांचं नाव एकदाही देवापुढे घेतलं नव्हतं. विसरूनच गेले होते.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, माणूस विसरतो. पण मी काही देवळाकडे पाठ फिरवलेली बाई नाही. दर रविवारी उपासनेला जाते, महिला मंडळात शास्त्रपाठ वाचते, सकाळी उठल्याबरोबर वचनाचं चित्र शंभरेक जणांना मोबाइलवरून पाठवते. ते वचन मी स्वतः धड वाचलेलं असतंच असं नाही. सगळं चालू होतं. फक्त प्रभूसमोर एकटीनं बसणं तेवढं कधी बंद पडलं, ते मलाच कळलं नाही.

आमच्या मल्हारगंजातली सकाळ कशी असते, ते इथल्या लोकांना सांगायला नको. नर्मदेचा नळ आला की भांडी, बादल्या, टाकी. तेवढ्यात कचरागाडीचं गाणं. ओला वेगळा, सुका वेगळा करून धावायचं. मुलांचे डबे, शाळेची व्हॅन, ह्यांची ड्यूटी. दोन खोल्यांत पाच माणसं. मी स्वतःला म्हणायचे, देव समजून घेतो. घरकाम हीसुद्धा सेवाच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मी मात्र त्यांच्या आड लपत होते.

शिऱ्याच्या वाटीनंतर मी मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. तिथं कफर्णहूमातली एक संध्याकाळ आहे. सारं गाव दाराशी लोटलंय, आजारी माणसं आणलीत, प्रभू त्यांना बरं करतोय. इतक्या दगदगीनंतर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपला असता तर कोणी बोल लावला नसता. पण तो अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला. सगळे तुला शोधतायत म्हणाला. प्रभू मात्र मागे न जाता पुढच्या गावांकडे निघाला. हे मी कितीदा वाचलं असेल. पण या वेळी लक्षात आलं की आज काय करायचं आणि काय नाही, हे त्यानं गर्दीकडून घेतलं नाही. पित्याजवळ बसून घेतलं. माझा दिवस मात्र नळ, गाडी आणि मोबाइल ठरवत होते.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत पंडिता रमाबाईंचं नाव आदरानं घेतात. वेळ नाही असं म्हणण्याचा हक्क कोणाला असेल तर तो त्यांना होता. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा. त्यांचं खाणं, आजारपण, शिक्षण, शेती, छापखाना, सगळं बाईंच्या डोक्यावर. शिवाय साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराचं काम. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तोवर त्यांनी ते काम तडीस नेलं. अशा बाईंनी 1905 च्या जानेवारीत मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक जणी पुढे आल्या. त्याच वर्षी जूनच्या अखेरीला मुक्तीत जे आत्मिक जागरण झालं, त्याबद्दल आपण अभिमानानं बोलतो. त्याआधीचे महिने रोज जमून, नेमानं, बसलेल्या त्या मुलींबद्दल मात्र कमी बोलतो. त्या देशातल्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करत होत्या आणि त्यात स्वतःलाही धरत होत्या. मला ते 'स्वतःलाही' फार लागलं.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू सांगतो, प्रार्थनेला खोलीत जा आणि दार लाव. हेच प्रवचन नागपूर ते राजनांदगावच्या आगगाडीत मिळालेल्या नव्या करारात नारायण वामन टिळकांनी वाचलं आणि ते त्यात अडकले. पुढे 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आमच्या घरात लावायला दारच कुठं आहे? एका खोलीत सासूबाई, दुसरीत मुलं. मग जॉन वेस्लींच्या आईची आठवण झाली. एकोणीस लेकरांना जन्म दिलेली ती सुझाना, घरात एकांत नसला की ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची म्हणे, आणि मुलांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. आपल्याकडे तर पदर, ओढणी आहेच.

मी गच्चीच्या जिन्याची वरची पायरी धरली. नळ यायच्या आधी पंधरा मिनिटं. घरात सांगून ठेवलं, या वेळात मला हाक मारू नका. न सांगता बसायचे तेव्हा रोज कोणाला तरी मोजे सापडत नसत. मोबाइल खाली ठेवते. सकाळचे संदेश पाठवणं बंद केलं, त्यातूनच बराच वेळ निघाला. एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा छोटा भाग, मग थोडं गप्प बसणं आणि शेवटी वही. वहीत नावं आहेत. ज्याला ज्याला 'प्रार्थना करते' म्हटलं, त्याचं नाव त्याच दिवशी लिहायचं आणि सकाळी वाचायचं. आता मी हे वाक्य पूर्वीपेक्षा कमी वेळा बोलते, कारण बोललं की लिहावं लागतं.

रोज जमतं असं नाही. सासूबाईंना ताप आला तेव्हा आठवडाभर पायरी रिकामीच होती. कित्येकदा डोळे मिटले की भाजीचाच हिशोब सुरू होतो. पूर्वी असं झालं की मी सगळंच सोडून द्यायचे. आता दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसते.

मोठं काही दर्शन झालं नाही. मात्र घरात ओरडणं थोडं कमी झालंय, असं मुलगी म्हणते. आणि एक गोष्ट करायची राहिली होती, ती त्या पायरीवर बसल्यावर टाळता येईना. मी वाटी परत द्यायला गेले आणि काकूंना खरं सांगितलं. "काकू, तेव्हा मी प्रार्थना केलीच नाही. कबूल केलं आणि विसरले. माफ करा."

काकू क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता संबंध तुटला. मग म्हणाल्या, "अगं, मीपण पोथी वाचताना कितीदा कुकरच्या शिट्ट्या मोजते." थोडं थांबून म्हणाल्या, "पण आता कर हं. ह्यांना अजून जिना चढवत नाही."

काकांचं नाव वहीत पहिल्या पानावर आहे.

बंधुभगिनींनो, गेल्या आठवड्यात आपण किती जणांना 'प्रार्थना करतो' म्हटलं, त्यांची नावं एकदा कागदावर लिहून बघावीत, एवढीच विनंती. आणि त्या नावांना दिवसातली कुठली वेळ देणार, ते आजच ठरवावं.

आपली एक बहीण,
मल्हारगंज, इंदूर